उतारवयाचे गाव : वर्ध्यात आलेले आणि वर्ध्यातून गेलेले

१९८२ हे साल वर्धा जिल्ह्याच्या लक्षात आहे ते विनोबांच्या निर्वाणामुळे. १५ नोव्हेंबर, दिवाळीचा दिवस, पवनारचा धामतीर. अन्न आणि औषध दोन्ही थांबवून सत्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने देह ठेवला आणि नदीकाठी लोटलेली गर्दी पाहिलेली माणसे आजही आपल्याकडे आहेत. मात्र त्याच वर्षी चार महिने आधी आणखी दोन मृत्यू झाले होते. वर्ध्याशी त्यांचा संबंध तितकाच जुना होता, पण वर्ध्यात त्यांची फारशी वाच्यता झाली नाही. ८ जुलैला कुमाऊंच्या डोंगरात सरलाबहन गेल्या. त्यानंतर बारा दिवसांनी, २० जुलैला, ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मीराबहन गेल्या. पहिलीचे वय ८१, दुसरीचे ८९. दोघी जन्माने इंग्रज. दोघींनी आपल्या आयुष्यातली कसाची वर्षे सेगावच्या काळ्या चिखलात काढलेली.

तिघांच्या मरणाच्या जागा नकाशावर मांडल्या की एक प्रश्न पुढे उभा राहतो. मोठ्या माणसांच्या चरित्रांत तो सहसा विचारला जात नाही, कारण तो फार घरगुती वाटतो. म्हातारपण कुठे काढायचे? जवळ फार पैसा नाही, शरीर पूर्वीसारखे साथ देत नाही, जन्मगाव मागे पडलेले आहे, अशा वेळी माणूस गाव निवडतो तो कशाच्या आधारावर? वर्धा जिल्ह्यात १९३३ ते १९८२ या अर्धशतकात या प्रश्नाची जितकी वेगवेगळी उत्तरे जमली, तितकी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एखाद्या लहान जिल्ह्यात क्वचितच सापडतील. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आत्मचरित्रे, पत्रसंग्रह आणि सेवाग्राम-पवनारच्या फेऱ्या एवढ्या भांडवलावर हा शोध मांडतो आहे.

काशीवासाचा हिशोब

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ‘काशीवास’ हा शब्द मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता आणि त्याचा अर्थ केवळ तीर्थयात्रा असा नव्हता. यात्रेला गेलेला परत येतो. काशीवासाला गेलेला परत यायचे नाही असे ठरवून जातो. आजचा वर्धा जिल्हा १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि काशी १७७५ पासून कंपनी सरकारकडे. म्हणजे हिंगणघाट-आर्वीकडचा एखादा वृद्ध काशीला राहायला निघाला तर तो शब्दशः परमुलखात चालला होता. राज्य वेगळे, बोली वेगळी, थंडी वेगळी.

तरी लोक जात, कारण तिथे तीन सोयी होत्या. पहिली, पोटाची. संस्थानिकांनी आणि सावकारांनी चालवलेल्या अन्नछत्रांमुळे थोडक्या पैशांत, प्रसंगी पैशांवाचून, दोन वेळचे भागत असे. दुसरी, भाषेची. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती होती. नागपूरकरांचा तर स्वतःच्या नावाचा भोसले घाटच होता. मराठीत बोलणारे शेजारी मिळत. तिसरी सोय मरणाची. मागे कोणी नसले तरी अंत्यविधी होईल, आणि ज्या कारणासाठी आलो ते मरणानंतरही फुकट जाणार नाही, ही खात्री. अर्थात हा मार्ग सर्वांना मोकळा नव्हता. अन्नछत्राची पंगत जात विचारूनच बसत असे, आणि विधवांच्या बाबतीत काशीवास ही निवड होती की घराने केलेली पाठवणी, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते.

याच काळात दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली गादी सोडली आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिला. तिथे तो १८५१ पर्यंत जगला. आठ लाखवाल्याला गाव निवडणे सोपे असते. आपल्याला पाहायचे आहे ते आठ आण्यांत भागवणाऱ्यांचे. पोट, भाषा आणि मरण हे काशीवासाचे तीन निकष मात्र ध्यानात ठेवू; पुढे ते उपयोगी पडतील.

सेगाव : शंभर रुपयांचे घर

दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला न परतण्याचा निश्चय केला होता. १९३३ साली त्यांनी तो आश्रमच विसर्जित केला. नवी जागा हवी होती. जमनालाल बजाजांचा आग्रह वर्ध्याचा होता. विनोबा १९२१ पासून इथे सत्याग्रहाश्रम चालवत होते, आणि रेल्वेच्या दृष्टीने वर्धा देशाच्या मध्यावर होते. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही वाटा इथून जातात. ज्याच्याकडे देशभरातून माणसे येणार, त्याला हे सोयीचे होते.

पण गांधीजींना गावात राहायचे होते, आणि ते गाव शोधण्याचे काम पुढे होऊन केले मीराबहननी. आधी त्या वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीत, म्हणजे आजच्या सिंदी मेघेत, सफाईच्या कामासाठी जात होत्या आणि मग तिथेच राहू लागल्या. वर्धा रेल्वेने आणि बाजाराने बिघडलेले शहर आहे, त्याच्या इतक्या जवळ खरे खेडे भेटणार नाही, हे जाणवल्यावर त्या पाच मैलांवरच्या सेगावला गेल्या. सेगावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींकडे होता. वस्ती सुमारे सहाशेची, बहुसंख्य दलित. नीट रस्ता नाही, टपाल नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन वैशाखाच्या उन्हात, गांधीजी इथे राहायला आले. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. झोपडी गावातल्या गावात मिळणाऱ्या सामानाची असावी आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, ही त्यांची अट सर्वांना ठाऊक आहे. पुढे ज्या घराला आपण ‘बापूकुटी’ म्हणतो ते मुळात मीराबहननी स्वतःसाठी बांधलेले होते. भिंतीवरची मातीत उठवलेली झाडे आणि ॐ हे त्यांच्याच हातचे आहे. सेवाग्रामला येणारा प्रवासी ती भिंत पाहतो, फोटो काढतो, आणि ती उठवणारी बाई आपले म्हातारपण कुठे घालवून गेली हे विचारत नाही.

सेगावचे सेवाग्राम झाले १९४० साली, कारण टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जात असे. नामांतरामागचे कारण इतके साधे होते.

कोण कोण आले

सेगावची आश्रमवस्ती ही वृद्धांसाठी काढलेली वस्ती नव्हती, पण तिथे उतारवयातली, आजारी, घरापासून तुटलेली माणसे फार होती. कुष्ठरोगाने घराबाहेर पडलेले संस्कृतचे जाणकार परचुरेशास्त्री इथे आले आणि गांधीजी स्वतः त्यांची मालिश करीत. सिलोनहून आलेले आर्यनायकम्‌ आपल्या पत्नी आशादेवींसह नयी तालीमचे काम करीत. एक जपानी बौद्ध भिक्षू इथे ढोलक वाजवत आपला मंत्र म्हणत राहत असे. १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. त्याचा मंत्र मात्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत राहिला, तो आजही प्रार्थनेच्या आरंभी म्हटला जातो. परदेशात जाऊन राहिलेल्या माणसाला यजमान गावाने दिलेले याहून मोठे स्थान मला माहीत नाही.

या यादीत मराठी वाचकाने आवर्जून थांबावे असे नाव धर्मानंद कोसंबींचे आहे. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा, म्हणजे पोर्तुगीज अंमलातला. बुद्धधर्माच्या शोधात नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. पुढे पाली भाषेच्या अभ्यासासाठी हार्वर्ड आणि लेनिनग्राड. पोटासाठी नोकरी आणि विद्येसाठी प्रवास यांत सबंध आयुष्य गेले. शरीर थकल्यावर, आता आपला कोणाला उपयोग नाही तर भार तरी का व्हावे, या विचाराने त्यांनी अन्न सोडायचे ठरवले. गांधीजींनी एकदा त्यांना परावृत्तही केले. काही काळ काशीत काढून शेवटी ते सेवाग्रामला आले, आणि ४ जून १९४७ रोजी उपोषणाने तिथेच त्यांचा अंत झाला. दहन आणि दफन यांपैकी जे स्वस्त पडेल ते करावे, अशी त्यांची सूचना होती.

या सूचनेकडे केवळ विरक्ती म्हणून पाहू नये. काशीवासाचे तीन निकष आपण वर पाहिले. काशीचा अनुभव असलेल्या या पंडिताने मरणासाठी काशी सोडून सेवाग्राम निवडले, कारण इथे मरण स्वस्त होते, आणि त्याभोवती कर्मकांडाची मागणी नव्हती. जगाची चार विद्यापीठे पाहिलेल्या माणसाला शेवटी जे हवे होते ते वर्ध्यापासून पाच मैलांवर मिळाले.

हवेचा हिशोब

पैशाच्या हिशोबात सेगाव कोणालाही परवडण्याजोगे होते. न परवडणारी गोष्ट होती ती हवा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे वैदर्भीयांना सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती गुडघाभर आणि त्यामागोमाग हिवताप. पहिल्याच पावसाळ्यानंतर, १९३६ साली, गांधीजी हिवतापाने आजारी पडले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. मीराबहनना त्याच सुमारास विषमज्वर झाला.

सरलाबहनची गोष्ट इथून सुरू होते. मूळ नाव कॅथरिन मेरी हाइलमन, जन्म लंडनचा, १९०१ चा. वडील जर्मन-स्विस वंशाचे; त्यामुळे पहिल्या महायुद्धात या कुटुंबाला इंग्लंडमध्येच परकेपणाचा जाच सोसावा लागला. जन्मभूमी ही आपोआप आपली होत नाही, हा धडा त्यांना शाळकरी वयात मिळाला होता. १९३२ साली त्या भारतात आल्या, काही काळ उदयपूरला शिकवले, आणि मग सेगावला येऊन नयी तालीमच्या कामात शिरल्या. पण उष्मा आणि हिवताप यांपुढे त्यांचे शरीर टिकेना. १९४१ साली गांधीजींच्या संमतीने त्या कुमाऊंतल्या कौसानीला गेल्या. गांधीजी स्वतः १९२९ साली तिथे मुक्कामाला होते आणि त्यांना त्या जागेने स्वित्झर्लंडची आठवण करून दिली होती. सरलाबहन तिथे गेल्या त्या विश्रांतीसाठी. पण १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांसाठी डोंगरोडोंगरी हिंडल्या, स्वतःही तुरुंगात गेल्या, आणि १९४६ साली मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढून बसल्या.

हवापालटाची दुसरी गोष्ट नेमकी उलट आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी डॉक्टरला दाखवा, हवापालट करा असे सांगितले. थंड हवेच्या डोंगरी गावांची नावेही सुचवली गेली. विनोबांनी निवडले पवनार, वर्ध्याहून जेमतेम दोन तासांच्या पायी अंतरावरचे. तिथे धामेच्या काठच्या टेकाडावर जमनालालजींचा बंगला रिकामा होता. धामेचा पूल ओलांडताना आपण सारे सोडले असे मनाशी तीनदा म्हटल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. तिथे त्यांनी कामाची चिंता सोडली, शेतात थोडे थोडे खणत राहिले, आणि प्रकृती सुधारली. हवा तीच, ऊन तेच. फरक पडला तो डोक्यावरचा भार उतरल्याने. म्हणून हवेचा हिशोबही सरळ नसतो. एकाला जिल्हा सोडावा लागला, दुसऱ्याला नुसती नदी ओलांडणे पुरले.

मीराबहनचे जाणे

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मीराबहन भारत सोडून गेल्या, याविषयी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. एक हळहळीचा : गांधींनंतर त्या एकाकी पडल्या, निराश होऊन परतल्या. दुसरा किंचित दोषाचा : शेवटी आपल्या मुलखातच गेल्या ना. हे दोन्ही सूर मला अपुरे वाटतात, आणि दुसरा तर चूकच आहे, कारण त्या आपल्या मुलखात राहिल्याच नाहीत.

तारखा पाहू. मॅडेलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील ब्रिटिश आरमारातले बडे अधिकारी. त्यांच्या नेमणुकीमुळे तरुणपणी दोन वर्षे मुंबईत राहणे झाले, पण ती मुंबई साहेबी मेजवान्यांची. मनाला ओढ होती ती बीथोव्हेनच्या संगीताची. त्याच ओढीने त्या रोमां रोलांना भेटायला गेल्या, आणि रोलांनी त्यांना गांधींचे नाव सांगितले. लगेच जहाजाचे तिकीट काढले होते. मग स्वतःच थांबल्या आणि एक वर्ष सराव केला. मांसाहार आणि मद्य सोडले, जमिनीवर झोपायला आणि मांडी घालून बसायला शिकल्या, कताई शिकल्या, उर्दूचे धडे घेतले. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमतीला पोचल्या. परदेशात राहायला जाण्याआधी घरीच वर्षभर त्या देशाची दिनचर्या जगून पाहायची, ही शहाणी रीत मला इतर चरित्रांत क्वचित भेटली.

१९४२ ते १९४४ आगाखान पॅलेसची कैद. तिथे महादेवभाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू. सुटकेनंतर त्या वर्ध्याला कायमच्या परतल्या नाहीत. रुरकीजवळ किसान आश्रम, ऋषिकेशजवळ पशुलोक, टिहरीच्या भिलंगना खोऱ्यात गोपाळ आश्रम, मग काश्मीर. म्हणजे गांधीजी हयात असतानाच त्यांनी हिमालयाची वाट धरली होती. जंगलतोडीमुळे पूर येतात आणि बांजाची झाडे जाऊन चीड लावल्याने डोंगर सुकतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास लिहून ठेवले. त्यावर कोणी फारसे कान दिले नाहीत. एकामागून एक प्रयोग सरकारी कारभारात अडकले, काही सोडून द्यावे लागले. त्याच काळात रोलांचे बीथोव्हेनवरचे लेखन पुन्हा त्यांच्या हाती आले, आणि तीस वर्षे बाजूला ठेवलेली ओढ परत जागी झाली.

जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. वय ६६. गांधीजी सेगावला राहायला आले तेव्हा नेमके याच वयाचे होते. मला हा योगायोग नुसता योगायोग वाटत नाही. सहासष्टाव्या वर्षी माणूस नवे गाव निवडून राहायला जाऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या हाताने झोपडी बांधताना जवळून पाहिले होते.

आधी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे नातेवाईक होते, भाषा आपली होती. काशीवासाच्या निकषांवर इंग्लंड सरस ठरायला हवे होते. पण १९६० साली त्यांनी ऑस्ट्रिया निवडले. १९५५ च्या करारानंतर परकी सैन्ये तिथून निघून गेली होती आणि तो देश तटस्थ झाला होता. व्हिएन्नाभोवतीच्या जंगलपट्ट्यातल्या लहान गावांत त्यांनी बिऱ्हाड केले. याच रानवाटांनी बीथोव्हेन हिंडत असे. उन्हाळ्यात बाडेन गावी राहून त्याने आपल्या नवव्या सिंफनीचे काम केले होते. मीराबहनच्या सोबतीला गढवालकडचा एक जुना सहकारी होता. राहणी साधी, घर लहान, काम एकच : बीथोव्हेनवरचे लिखाण. असे २२ वर्षे. साबरमती, वर्धा, तुरुंग, हिमालय मिळून भारतात त्यांनी ३३ वर्षे काढली. एकट्या वर्धा परिसरात जेमतेम नऊ-दहा, तीही अधूनमधून. म्हणजे ज्या गावाशी आपण त्यांचे नाव जोडतो, त्याच्या दुप्पट काळ त्या ऑस्ट्रियात होत्या.

पैशाचा मुद्दा इथे येतोच. त्या काळी भारतातून परदेशात पैसा नेणे सोपे नव्हते. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई होती आणि पै न पै रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने बाहेर जात असे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. भारतातल्या मिळकतीवर युरोपात राहणाऱ्या कोणाचेही उत्पन्न एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटले असणार. अशा दिवसांत युरोपात थोडक्यात भागवायचे तर गरजा आधीच उतरवलेल्या हव्यात. त्या उतरवण्याची शाळा कोणती होती, हे वेगळे सांगायला नको. सेगावच्या मातीच्या घराने मीराबहनना जी सवय लावली, तिच्या जोरावर त्या पुढे व्हिएन्नाच्या रानात राहू शकल्या. वर्धा सोडतानाही वर्ध्याची कमाई त्यांच्या गाठीशी होती.

त्यांनी गांधींना सोडले असेही म्हणता येत नाही. ‘गांधी’ चित्रपटासाठी रिचर्ड ॲटनबरो यांनी त्यांची भेट घेतली होती. तो पडद्यावर येण्याआधी काही महिने त्या गेल्या. शेवटच्या काळात भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

ज्यांनी आपली संस्था सोडली

सरलाबहनची उतारवयातली निवड याहून वेगळी, पण तितकीच विचारपूर्वक. १९६६ साली, पासष्टीत, त्यांनी लक्ष्मी आश्रम पुढच्या पिढीच्या हाती दिला आणि बाहेर पडल्या. भूदानासाठी बिहारात हिंडल्या, चंबळच्या डाकूंच्या शरणागतीच्या कामात जयप्रकाशजींबरोबर राहिल्या, आणि १९७५ साली पिथोरागढकडच्या धरमघर येथे जाऊन स्थिरावल्या. ज्या आश्रमाच्या भिंती आपण उभ्या केल्या तिथेच खाटेवर पडून राहण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी घेतली नाही. संस्थापकाने म्हातारपणी संस्थेच्या अंगणात बसून राहिले की नव्या माणसांना मोकळेपणी चुकाही करता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले असावे, असा माझा तर्क आहे.

अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांचेही असेच. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी त्यांनी नावारूपाला आणली. पुढे ते सेलू तालुक्यातल्या सेलडोहला शेतीच्या प्रयोगासाठी गेले, आणि रक्तदाबाने थकल्यावर तमिळ मुलखात मदुराईकडच्या कल्लुपट्टीला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते गेले. इथे भाषेचा निकष दिसतो : आजारपणात माणसाला आपल्या बोलीत विचारपूस करणारे कोणी हवे असते.

इंग्लंडच्या क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स १९२८ साली मद्रासला आल्या; शांतिनिकेतननंतर सेवाग्रामात त्यांनी दहाएक वर्षे नयी तालीमचे काम केले. नंतर निलगिरीतले कोटागिरी, मग होशंगाबादजवळचे रसूलिया. अगदी शेवटी त्या इंग्लंडला आपल्या क्वेकर मंडळींत परतल्या आणि १९९५ साली तिथे वारल्या. आपल्या लोकांत जाऊन मरण्यात त्यांना हार वाटली नसावी. साठ-पासष्ट वर्षांचे काम मागे होते.

आणि या सगळ्यांत विनोबा. तेरा वर्षे देशभर पायी हिंडलेल्या या माणसाने १९७० साली, पंचाहत्तरीत, क्षेत्रसंन्यास जाहीर केला : आता पवनारबाहेर जायचे नाही. त्यांचे जन्मगाव गागोदे, कुलाब्याकडचे. तिकडे जाण्याचा विचारही त्यांच्या मनात आल्याचे दिसत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी आजारपणात ज्या गावाने बरे केले, तेच गाव त्यांनी मरणासाठी निवडले.

हिशोबाची बेरीज

या सगळ्या माणसांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मला तीच या इतिहासातली मोलाची गोष्ट वाटते. तरी दोन बाबी ठळक दिसतात. यांच्यापैकी कोणीही पैसा नाही म्हणून गाव बदलले नाही. गरजा आधीच इतक्या खाली आणल्या होत्या की स्वस्ताई हा निकष उरलाच नाही. आणि गाव सोडले ते बहुतेक वेळा शरीरासाठी, सोबतीसाठी किंवा राहिलेल्या कामासाठी.

इथे आपल्याकडेही बोट वळते. स्वातंत्र्याच्या आणि रचनात्मक कामाच्या चळवळीने तरुणांना बोलावले, त्यांना काम दिले, साधेपणा दिला. ती माणसे म्हातारी होतील, तेव्हा त्यांच्या भाषेचे, त्यांच्या आवडीचे, त्यांच्या पथ्याचे कोण पाहील, याचा विचार मात्र चळवळीने फार कमी केला. कुष्ठरोग्यांसाठी १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूर उभे केले, आजाऱ्यांसाठी कस्तुरबा रुग्णालय झाले. पण धडधाकट असून थकलेल्या कार्यकर्त्यासाठी जागा राहिली ती त्याने स्वतः शोधली तेवढीच. मीराबहनला बीथोव्हेन ऐकायचा होता, ही गोष्ट कोणत्या आश्रमाच्या दिनक्रमात बसली असती? ती तिथे बसण्याजोगी नव्हती म्हणून त्यांना दोष द्यायचा, की म्हातारपणी माणसाला जन्मभर बाजूला ठेवलेली एखादी ओढ परत मागण्याचा हक्क आहे असे मानायचे? मी दुसऱ्या बाजूला आहे.

आज वर्ध्याच्या रामनगरात, हिंगणघाटात, पुलगावात हाच प्रश्न नव्या रूपात ऐकू येतो. मुलगा अमेरिकेत, मुलगी ऑस्ट्रेलियात, निवृत्तिवेतन बेताचे, आणि ‘तुम्ही इकडेच या’ हा आग्रह. तिकडचा कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तरी अमेरिकेत नव्याने गेलेल्या वृद्धाला सरकारी वैद्यकीय विम्यासाठी पाच वर्षे थांबावे लागते. तोवर प्रत्येक दुखणे स्वतःच्या किंवा मुलाच्या खिशातून. काशीला अन्नछत्र होते, सेगावला आश्रमाची पंगत होती; तिथे काय आहे, हे आधी विचारावे लागते. काही जण सहा महिने तिकडे राहून पाहतात. मीराबहनच्या वर्षभराच्या सरावाशी त्याचे नाते आहे. काही जण परत येतात आणि नातवंडांशी पडद्यावर बोलतात. यांतले कोणीही चुकत नाही, आणि कोणी कुणाला ‘सोडून गेले’ असे म्हणण्याची घाई शेजाऱ्यांनी करू नये.

शेवटी एक विनंती. सेवाग्राम, मगनवाडी, सेलडोह, पवनार या गावांत अशी घरे अजून आहेत जिथे या परक्या माणसांनी पाणी मागितले, औषध दिले, मुलांना कताई शिकवली. त्यांची पत्रे, एखादी वही, पाठीमागे नाव लिहिलेला फोटो कोणाच्या तरी कपाटात असेल. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये, आणि जवळच्या एखाद्या वाचनालयात त्याची एक प्रत तरी ठेवावी. मोठ्यांची चरित्रे लिहून झाली आहेत. त्यांनी आपल्या गावात रोज काय खाल्ले, कोणाशी काय बोलले आणि निघताना काय सांगून गेले, हे अजून लिहायचे राहिले आहे.